लिंबाकडच्या सळाखी

रविवारी सकाळी पावणेसातला देवाजीनं पोर्चवर पहिला घन घातला, आणि आत कणीक मळत बसलेल्या सिंधूताईचा हात थांबला. घनाचा आवाज तिला नवा नव्हता. उभा जन्म बांधकामावर गेला बाईचा. पण हा आवाज वरून आला, गच्चीवरून, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला तो खालून, ओट्यावरून. म्हणजे बाप वर आणि पोरगा खाली. काल जेवताना असं ठरलं नव्हतं. आधी वरचा स्लॅब पाडायचा, मलबा उचलायचा आणि मग ओट्याला हात लावायचा, असं ठरलं होतं. ती तशीच कणकेच्या हातानं बाहेर आली.

"काहून गा, तू खाली काहून बसला?" तिनं संघपालला विचारलं.

संघपाल छन्नीनं ओट्याची फरशी उकलत होता. पोरगी सोनिका सासरी, आणि हा एकुलता एक पोरगा, चौतीस वर्षांचा, हिंगण्याला एका कंपनीत मशीनवर. "उद्या माही फर्स्ट शिफ्ट हाय, आई. सुट्टी आजचीच. बाबा वरून गेटच्या बाजूनं तोडून राहिले, मी खाली लिंबाच्या बाजूनं. मलबा तिकडं पडते, माह्यावर काहीच येत नाही."

"आन स्लॅबच आला तर?"

वरून देवाजीनं ऐकलं आणि तो हसला. "स्लॅब कसा येईन वं? देवाजीच्या हातचा स्लॅब हाय तो."

तो हसला, पण सिंधूताई हसली नाही. कारण कडुलिंबाच्या झाडाकडच्या बाजूचा तो स्लॅब देवाजीच्या हातचा नव्हताच. तो तिच्या हातचा होता, खरं तर पायाचा. आणि ही गोष्ट सव्वीस वर्षांत ती कोणाजवळ बोलली नव्हती. नवऱ्याजवळ तर नाहीच नाही.

आता हा पोर्च पाडायची पाळी का आली, ते आधी सांगून टाकतो. नागपूरच्या हिंगणा रोडच्या आत, दोन गल्ल्या सोडून, देवाजी मिस्त्रीचं घर. घरासमोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि दीड फूट वर आला. रस्ता वर आला म्हणजे घर खाली गेलं, एवढा साधा हिशेब. मागच्या जुलैत दोनदा पाणी थेट पलंगाखाली शिरलं, आणि सून प्रीती तांदळाचा कट्टा उराशी धरून अर्धा तास उभी राहिली. तेव्हाच ठरलं की उन्हाळ्यात ओटा दोन फूट उचलायचा. ओटा उचलला तर वरच्या स्लॅबला माणसाचा हात लागला असता. शिवाय तो गळत होता, खालून पापुद्रे सुटत होते. मग दोन्ही एकदमच काढू, असं निघालं. संघपाल म्हणाला, मशीनवाला बोलावू. त्यावर देवाजीनं ताट सरकवलं. माह्या हातानं बांधला, माह्याच हातानं उतरवीन, म्हणाला, आणि विषय संपला. त्या घरात देवाजी बोलला की विषय संपतो, ही रीतच होती.

आणि पोर्चही तसा साधा नव्हता. पाच फूट पुढे आलेला, बारा फूट लांब, आणि खाली एकही खांब नाही. नव्व्याण्णव साली वस्तीत असं कोणी पाहिलं नव्हतं. लोक येऊन खाली उभे राहायचे, वर पाहायचे, आणि हळूच बाजूला सरकायचे. देवाजी त्यांना हात लांब करून दाखवायचा. "हातात भरलेली बालटी धरा. ताण कुठं येते? खांद्याच्या वरून. मंग सळाख कुठं पाहिजे? वर. घरातल्या स्लॅबले दोन्हीकडून भीत असते, त्याची सळाख खाली. पोर्चले एकच भीत, त्याची सळाख वर. हे ज्याले समजलं तो मिस्त्री, बाकीचे सारे कुली." या एका पोर्चवर त्याला पुढं वीस वर्षं कामं मिळाली. समोरच्या चंपतरावांचा पोर्च त्यानंच बांधला, आणि तेच चंपतराव आता सकाळी सकाळी खुर्ची टाकून, चहाचा कप घेऊन, तोडणं पाहायला बसले होते.

सिंधूताई घरात गेली, कणीक झाकून ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्यांपुढं तो दिवस आला. तो यायचाच, दर उन्हाळ्यात यायचा.

ती कुहीकडची. माहेरी धानाच्या बांध्यात वाढली, लग्नानंतर नागपूरला आली आणि आठव्या दिवशी नवऱ्यासोबत मजुरांच्या ठिय्यावर उभी राहिली. मिस्त्रीची बायको असली तरी तिला रेजाचंच काम, डोक्यावर घमेलं आणि पायाखाली शिडी. स्वतःच्या घराचा स्लॅब पडला त्या दिवशी सात रेजा होत्या आणि त्यांची मुकादम सिंधूताई. देवाजीनं पहाटे त्रिशरण म्हटलं, सगळ्यांना पेढे वाटले, पोर्चच्या सळाखी विटांच्या तुकड्यांवर उचलून स्वतः बांधल्या, आणि त्यांच्यावरून आडव्या फळ्या टाकल्या. बजावून सांगितलं, फळीवरूनच चालायचं, सळाखीवर पाय ठेवायचा नाही. शिडी लिंबाच्या झाडाला लावून उभी केली होती, म्हणजे वर येणारा प्रत्येक पाय त्याच कोपऱ्यातून जाणार होता. दुपारी सिमेंट कमी पडलं. देवाजी सायकल काढून दुकानात गेला. तो गेला न गेला, तोच मागच्या अंगाला साच्याची एक बाजू फुटली आणि ओला माल धो धो खाली वाहायला लागला. सिंधूताईनं काही विचार केला नाही. समोर फळ्या दिसल्या, उचलल्या, मागं नेऊन ठोकल्या. माल वाचला. आणि मग इकडं ती रेजांना म्हणाली, चाला वं बायांनो, घमेल्यातला माल वाळून राहिला, असंच चाला.

त्या चालल्या. डोक्यावर दहा-बारा किलोचं घमेलं घेऊन सात बाया पाऊण तास सळाखीवरून चालल्या. विटांचे तुकडे सरकले, काही फुटले, सळाखी दबत दबत खाली जाऊन बसल्या. देवाजी परत आला तेव्हा लिंबाची बाजू भरून, घोटून, गुळगुळीत झाली होती. त्यानं मागची फळी पाहिली, बायकोला शाबासकी दिली. हो, शाबासकी. त्याच्या तोंडून ती सहसा निघत नसे.

तिला तेव्हा काय माहीत? तिला कळलं ते दोन महिन्यांनी, दुसऱ्या एका घरी, जेव्हा देवाजी मालकाला हात लांब करून ते बालटीचं समजावत होता. "वरून पाय पडला तर सळाख खाली जाते, आन मंग तो पोर्च नाही राहत, लटकलेला दगुड राहते." घमेलं घेऊन उभ्या असलेल्या सिंधूताईनं ते ऐकलं. त्या दिवशी ती घरी आली आणि पोर्चखालून आत जाताना तिनं खाली पाहिलं, वर पाहायची हिंमत झाली नाही.

सांगायचं होतं तिला. पण देवाजीचा राग तुम्ही पाहिला नाही. तो हात उचलत नसे, खोटं कशाला बोला, पण त्याहून वाईट करायचा. एकदा कामावर पांढऱ्या सिमेंटची गोणी तिच्याकडून पावसात राहिली, तर तीस माणसांसमोर तिला घरी हाकललं आणि पुरते नऊ दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. नऊ दिवस बाहेर मिसळ खाल्ली त्या माणसानं. एका गोणीसाठी नऊ दिवस, तर पोर्चसाठी किती? आज सांगू, उद्या सांगू करता करता लोक पोर्च पाहायला यायला लागले, कामं मिळायला लागली, आणि सांगायची वेळ निघून गेली. तिनं एवढंच केलं की पुढं कोणाच्याही स्लॅबवर कोण्याही रेजाचा पाय सळाखीवर पडू दिला नाही. भांडणं भांडली, शिव्या दिल्या, एकीची तर वेणी धरून तिला फळीवर आणलं. तिचं नावच पडलं फळीवाली बाई. देवाजी चारचौघांत हसायचा, मिस्त्री मी हाव का हे, म्हणायचा. दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांसोबत पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तिचे ओठ हलायचे पण आवाज निघत नसे.

पोर्च उभा राहिला याचं कारणही ती जाणून होती. गेटच्या बाजूच्या सळाखी वर होत्या, देवाजीनं बांधल्या तशाच. ती धड बाजू या लुळ्या बाजूला सांभाळून होती. लिंबाच्या बाजूला भिंतीलगत वरून एक चीर पडली होती, आणि देवाजी दर वैशाखात तिच्यात सिमेंटचं पाणी ओतायचा. गळते थोडं, म्हणायचा. आणि आज तोच देवाजी आधी धड बाजू तोडत होता. ती तुटली की राहिलेलं सगळं खाली येणार होतं, आणि खाली संघपाल बसला होता.

तिनं चहा केला. "संघपाल, आत येऊन पी."

"इथंच दे ना, आई."

"आत ये. बाहेर धूळ हाय."

तो आला, तीन घोटात चहा संपवला आणि परत जाऊन बसला. मग तिनं प्रीतीला सांगून त्याचा मोबाइल लपवला आणि आतून हाक मारली, तुहा फोन वाजून राहिला. तो उठून आला, फोन सापडेना, तोवर वर चार घन पडले. "राहू दे, नंतर पाहू," म्हणून तो गेला. मग तिनं सांगितलं, मोटरसायकल हटव, तिच्यावर गिट्टी उडून राहिली. त्यानं मोटरसायकल चंपतरावांच्या दारात नेऊन लावली, त्यांच्याशी दोन शब्द बोलला आणि पुन्हा त्याच जागी. पोरगा कामसू निघाला, हे तिचंच पाप.

"आई, काय झालं तुम्हाले?" प्रीतीनं विचारलं. चार वर्षांच्या गार्गीला सकाळीच मावशीकडं सोडून आली होती ती, आणि आता सासूच्या तोंडाकडं पाहत होती. "सकाळपासून तीनदा उठवलं तुमी त्याले."

सिंधूताईनं सुनेकडं पाहिलं. "प्रीती, तो स्लॅब पडते," ती म्हणाली. "लिंबाकडचा. मले माहीत हाय."

प्रीतीनं का, कसं, काही विचारलं नाही. बरी पोर आहे. "मंग मले काहून सांगता?" ती म्हणाली. "बाबाले सांगा ना."

वरून एक मोठा तुकडा गेटजवळ पडला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. सिंधूताई बाहेर आली. पदर खोचला. अंगणात मधोमध उभी राहिली आणि वर पाहून म्हणाली, "घन थांबवा."

देवाजी त्रेसष्ट वर्षांचा, अंगात बनियन, डोक्याला दुपट्टा, घामानं ओला. "काय झालं?"

"लिंबाकडच्या सळाखी वर नाहीत. खाली हायेत. संघपालले तिथून उठवा."

मग देवाजीनं चंपतरावांकडं पाहिलं. चंपतरावांनी कप खाली ठेवला होता. बस, देवाजीचा मान दुखावायला तेवढंच पुरलं.

"इकडं पाय," देवाजी म्हणाला. त्यानं तोडलेल्या जागेत पाय रोवला आणि घनाच्या दांड्यानं दाखवलं. सिमेंट उडालेलं, आणि वरून दोन बोटांवर सळाखींची रांग, सरळ, जशी बांधली तशी. "वर हाय का खाली? चंपतराव, तुमी सांगा गा. वर हाय का खाली?"

"वर हाय," चंपतराव म्हणाले.

"ते गेटकडचं," सिंधूताई म्हणाली. "लिंबाकडं तुमी बांधल्या तशा नाही राहिल्या. तुमी सिमेंट आणाले गेले, मी फळ्या काढल्या. मागची बाजू फुटली होती, तिथं ठोकल्या. बाया सळाखीवरून चालल्या. मीच चालवल्या. पाऊण तास."

बोलून झालं. सव्वीस वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते मोजक्या वाक्यांत संपलं, आणि तिला उलट भीतीच वाटली, की एवढ्यात काय कळणार आहे कोणाला.

"तुले काय समजते सळाखीतलं?" देवाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता, हे वाईट लक्षण. "सव्वीस वर्षं उभा हाय तो. आज पाडाच्या दिवशी तू माह्या कामात खोट काढून राहिली? लोकाइसमोर?"

"आई," संघपाल खालून म्हणाला, "बाबा मिस्त्री हायेत ना. दाखवून राहिले ना ते."

"तू उठ तिथून."

"अर्धं झालं आता."

प्रीती पायऱ्या उतरून आली, नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच रस्त्यावर नेलं. तो बायकोवर चिडला, पण गेला. तेवढ्यानं कोणालाही सुटल्यासारखं वाटलं असतं. सिंधूताईला नाही वाटलं. ती नवऱ्याला ओळखून होती. आता तो इरेला पेटणार, धड बाजू पुरती तोडणार, स्लॅब लगेच पडला नाही तर पाहा म्हणणार, आणि दुपारून पोराला पुन्हा खाली बसवणार. एकदा चार लोकांसमोर बोलला की तो तपासून पाहणारा माणूस नव्हता.

म्हणून ती ओट्यावर चढली. संघपाल जिथं बसला होता तिथं, लिंबाच्या बाजूला, बरोबर त्या चिरेखाली, ती मांडी घालून बसली.

"आता मारा," ती म्हणाली.

"उठ."

"तुमाले भरवसा हाय ना तुमच्या कामाचा? मारा मंग."

"सिंधू, उठ म्हणतो ना."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण देवाजीनं चारचौघांत तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. ती उठली नाही. चंपतराव खुर्चीवरून उठून फाटकापर्यंत आले आणि तिथंच थांबले. संघपाल पुढं धावला, तर तिनं हातानंच त्याला अडवलं. "तू येशील तर मी आणखी आत सरकीन." तो जागीच उभा राहिला.

देवाजीनं घन उचलला. खरंच उचलला. डोक्याच्या वर नेला. सिंधूताईला तो दिसत नव्हता, तिला फक्त वरची सावली दिसत होती अंगणात, घनासकट. तिनं डोळे मिटले नाहीत. तिला वाटलं, मारतो हा. राग आला की हा कोणाचा नसतो. मग सावलीतला घन हळूहळू खाली आला आणि बाजूला टेकला.

त्यानंतर वरून आला तो बारीक आवाज. छन्नी आणि हातोडी. टक, टक. देवाजी गच्चीवर पालथा पडून, भिंतीलगत, लिंबाच्या बाजूचा स्लॅब वरून उकरत होता. मुरलेला मिस्त्री तो, दोन बोटांवर सळाख लागायला पाहिजे हे त्याला डोळे मिटूनही कळत होतं. दोन बोटं झाली. तीन झाली. आधी ते दरवर्षीचं ओतलेलं सिमेंट निघालं, एकावर एक थर, आणि त्याच्याखाली चीर, तिच्यात छन्नी अलगद शिरली. चार बोटं झाली. पाच इंचांच्या स्लॅबमध्ये आता फार काही उरलं नव्हतं. टक टक थांबलं.

चार बोटांखालीही सळाख लागली नव्हती.

"संघपालची माय," देवाजी वरून म्हणाला. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता, आजारपणातसुद्धा नाही. "उठ. झटका देऊ नको. भिंतीच्या बाजूनं हळूच निंघ."

ती उठायला गेली तर पाय बधिर झालेले. मांडी घालून बसायचं तिचं वय राहिलं नव्हतं. ती गुडघ्यांवर आली, भिंतीला धरून सरकत सरकत दरवाज्यात पोचली, आणि प्रीतीनं तिला आत खेचून घेतलं. त्यानंतरही प्रीतीनं दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून ठेवलं.

पुढचं काम देवाजीनं लगेच हाती घेतलं. मागच्या अंगणातून जुन्या लाकडी बल्ल्या आणल्या, संघपालला दुरून एकेक द्यायला लावली, आणि स्वतः एकट्यानं आत जाऊन सहा बल्ल्यांचे टेकू लावले. पोराला पाऊल टाकू दिलं नाही. मग सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडं उभं केलं, वर चढला, गच्चीत मागं सरकून उभा राहिला आणि लिंबाच्या बाजूला भिंतीलगत घन घातला. एक. दोन.

दुसऱ्या घनाला स्लॅब गेला. तुकड्यातुकड्यांनी नाही, अख्खा, दार लोटावं तसा भिंतीकडं वळला आणि खाली आला. सहाच्या सहा बल्ल्या उसासारख्या मोडल्या. ओटा, फरशी, संघपालची छन्नी, सगळं त्याच्याखाली. धूळ खाली बसायला पाच मिनिटं लागली. मग तुटलेल्या कडेला सळाखी दिसल्या, तळाला चिकटलेल्या, गंजून काळ्या.

संघपाल ते पाहत उभा राहिला. त्यानं एकदा आईकडं पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला.

"देवाजी," चंपतराव म्हणाले, "कोणाच्यानं झालं गा हे?"

देवाजी शिडीवरून उतरत होता. "मिस्त्री मी होतो," तो म्हणाला.

"माह्याकडचा तर..."

"तुमच्याकडं हे फळीवर उभी होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुमचा काही होत नाही."

संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मलबा उचलणं चाललं. ऊन उतरलं तसा प्रीतीनं आत स्वयंपाक चढवला. घर समोरून उघडं, बोडकं दिसत होतं, दारातून थेट रस्ता. तिघं उंबऱ्याशी बसले होते, देवाजी, सिंधूताई आणि दोघांच्या मधे संघपाल. स्लॅब पडल्यापासून नवरा-बायको एकमेकांशी बोलले नव्हते. सिंधूताई मनात दिवस मोजत होती. नऊ होतील की नव्वद.

"आई," संघपाल म्हणाला, "लहानपणी उन्हाळ्यात आपुन सारे इथंच झोपत होतो ना, पोर्चखाली. मी आन सोनिका नेहमी गेटकडं. मी रडलो होतो एकदा, लिंबाकडं हवा लागते, मले तिथं झोपाचं म्हणून. तू मारलं होतं मले."

"मारलं असन."

"एकदाच मारलं तू मले. जिंदगीत."

सिंधूताईनं मान हलवली. संघपालला तेवढं पुरलं. तो उठला आणि हात धुवायला आत गेला. देवाजी मात्र तसाच बसून राहिला. तो हळूहळू काहीतरी जुळवत होता, आणि सिंधूताईला ते जुळताना दिसत होतं.

"लिंबाकडं मी झोपत होतो," देवाजी म्हणाला.

"हो."

"पंधरा-सोळा उन्हाळे. तुले माहीत होतं, आन मी त्याच्याखाली झोपत होतो. पोराइले हटवलं तू. मले काहून नाही हटवलं?"

"तुमाले हटवलं असतं तर काहून हटवून राहिली, ते सांगा लागलं असतं." ती थांबली. "म्हणून मीबी तिकडंच झोपत होती. तुमच्या बाजूले. पडला असता तर दोघांवरबी पडला असता."

देवाजीनं तिच्याकडं पाहिलं. "मरण पत्करलं, पण मले सांगतलं नाही. एवढा भेव होता माहा?"

"होता."

"आन आज? आज नाही वाटला भेव?"

"आजबी वाटला," सिंधूताई म्हणाली. "पण आज खाली संघपाल होता."

प्रीतीनं आतून जेवायला हाक मारली. देवाजी उठला आणि बायकोला उठायला त्यानं हात पुढं केला. सिंधूताई सवयीनं भिंत धरून उठली.